भुंगेरा नक्की, डायनासोर बहुधा

मागे एका तालुक्याच्या गावी शिक्षकांच्या शिबिरात आम्ही जीवाश्मांवर बोलत होतो. बोलण्याच्या ओघात सांगून टाकले, की २०२१ साली डायनासोरच्या विष्ठेच्या जीवाश्मात एक नवा भुंगेरा सापडला. भुंगेरा २३ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याचे पाय व शृंगिका अजून जागच्या जागी! सर्वांना गोष्ट आवडली. मग मागच्या बाकावरून सहावीला शिकवणाऱ्या एका बाईंनी विचारले, "ती विष्ठा डायनासोरचीच, हे कशावरून ठरवले?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही बातमी वाचली होती, मूळ शोधनिबंध वाचला नव्हता. परत आल्यावर तो मिळवून वाचला आणि लक्षात आले, की बाईंचा प्रश्न खुद्द शास्त्रज्ञांनाही पडलेला होता. निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी 'संभाव्य' या अर्थाचा शब्द घातला आहे. बातमीच्या वाटेवर तो शब्द गळून पडला आणि आम्ही तो गळलेलाच पुढे पोचवला. म्हणून ही समीक्षा. ती त्या निबंधाची आहे, तशीच थोडी आमच्या सांगण्याचीही आहे.

प्रथम निबंधात काय आहे ते पाहू. उप्साला विद्यापीठातील मार्टिन क्वार्नस्ट्रम, तैवानमधील कीटकतज्ज्ञ मार्टिन फिकाचेक आणि त्यांचे सहकारी यांनी तो २०२१ साली 'करंट बायॉलॉजी' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. दक्षिण पोलंडमधील क्राशेयुव या गावी ट्रायासिक कालखंडातील चिखलाचे थर उघडे पडले आहेत. तेथे उभयचरांची आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडे विपुल मिळतात, तसेच विष्ठाश्म, म्हणजे दगड झालेली विष्ठाही मिळते. अशा एका विष्ठाश्मात या मंडळींना दीड मिलिमीटरच्या आसपास लांबीचे अनेक भुंगेरे आढळले. काही जवळजवळ संपूर्ण होते, तर बाकीच्यांची डोकी, छाती, पंखांची कवचे सुटी झाली होती. त्यांनी या भुंगेऱ्याचे नाव ठेवले 'ट्रायामिक्सा कॉप्रोलिथिका'. ट्रायासिक काळ आणि 'मिक्सोफागा' हा भुंगेऱ्यांचा उपगण यांच्यापासून पहिला शब्द बनला. दुसऱ्याचा अर्थ 'विष्ठाश्मातला' असा.

दीड मिलिमीटरचा किडा दगडातून अखंड काढणे शक्य नाही. म्हणून तो काढलाच नाही. विष्ठाश्म फ्रान्समधील ग्रेनोबल येथील सिंक्रोट्रॉनमध्ये नेला. तेथील अतिशय प्रखर क्ष-किरणांनी त्याची शेकडो कोनांतून चित्रे घेतली आणि संगणकावर ती जोडून आतल्या भुंगेऱ्याची त्रिमितीय प्रतिमा तयार केली. दवाखान्यातील सीटी स्कॅनचे तत्त्वही हेच. फक्त येथे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या घरातले बारकावे दिसतात. दगडाला धक्का न लावता किडा हवा तसा फिरवून वरून, खालून, बाजूने पाहता येतो.

'खालून' या शब्दाला येथे फार महत्त्व आहे. वर्गात आपण भुंगेरा ओळखतो तो पाठीवरून, कारण कवचासारखे कठीण पंख पाठीवर असतात. काजवा, सोंडकिडा, शेणातला भुंगेरा हे सगळे याच गणातले. आज ज्ञात असलेल्या भुंगेऱ्यांच्या जाती साडेतीन लाखांहून अधिक आहेत आणि त्यांचे चार उपगण मानले जातात. पण उपगण ठरवायचा तर किडा उलटा करून मागच्या पायांची मुळे पोटाशी कशी जोडली आहेत हे पाहावे लागते. शृंगिकांचे खंड मोजावे लागतात. खडकातील चपट्या ठशात यांतले बरेचसे दिसतच नाही. दिसतो तो बाह्याकार, आणि बाह्याकार फसवतो.

तो कसा फसवतो, याचे उदाहरण याच काळातले आहे. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्याच्या सीमेवरील एका खाणीत ट्रायासिक काळातले कीटकांचे चपटे ठसे मिळतात. त्यांतील एका भुंगेऱ्याला २०१२ साली 'लीहर्मानिया प्रोरोवा' हे नाव मिळाले. त्याचे कवचपंख आखूड आणि पोटाचा मागचा भाग उघडा होता. ही ठेवण स्टॅफिलिनिडी या कुलाची. आज या कुलात साठ हजारांहून अधिक जाती आहेत. त्यामुळे 'या प्रचंड कुलाचा सर्वांत जुना सदस्य' म्हणून लीहर्मानियाचा गौरव झाला. मग २०२० साली फिकाचेक आणि सहकाऱ्यांनी त्याची एकेक लक्षणे पुन्हा तपासली. तो स्टॅफिलिनिडी कुलातला नसून मिक्सोफागा उपगणातला आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या छोट्याशा उपगणात आज सुमारे शंभरच जाती आहेत. त्या पाण्याकाठी, ओल्या दगडांवरच्या शेवाळात राहतात आणि त्यांतही काहींचे पंख आखूड असतात.

एका किड्याचे घर बदलले तर एवढे काय बिघडले, असे वाटेल. पण आजच्या सजीवांच्या डीएनएमधील फरकांवरून कुलांचे वय काढताना अशा जीवाश्मांचा खुंटीसारखा उपयोग करतात. खुंटी चुकीच्या भिंतीत ठोकली, की तिला टांगलेली सगळी गणिते चुकतात. शिवाय एकदा नाव पडले, की ते ग्रंथांत आणि तक्त्यांत जाऊन बसते. म्हणून नव्या जातीचे वर्णन ही नुसती नोंद नसते, तो एक युक्तिवाद असतो. हा नमुना अमुक संग्रहात आहे, त्याची लक्षणे ही, जवळच्या नातलगांपेक्षा तो येथे वेगळा आहे, पटत नसेल तर येऊन पाहा, असे त्यात म्हटलेले असते. ज्या एका नमुन्याशी ते नाव कायमचे बांधले जाते त्याला प्ररूप म्हणतात. प्ररूप हा त्या युक्तिवादाचा साक्षीदार, आणि साक्षीदाराची उलटतपासणी करता आली पाहिजे.

या कसोटीवर ट्रायामिक्साचे वर्णन उत्तम उतरते. लीहर्मानियाच्या बाबतीत जे दिसत नव्हते तेच येथे दिसते. एकाच जातीचे अनेक नमुने एकत्र असल्याने एकात तुटलेला अवयव दुसऱ्यात पाहता येतो. हा भुंगेरा मिक्सोफागांपैकीच, पण आजच्या कुठल्याही कुलात न बसणारा, म्हणून लेखकांनी त्याच्यासाठी ट्रायामिक्सिडी हे नवे कुल केले. एका विष्ठाश्मातल्या एका जातीसाठी एक अख्खे कुल उभारणे आम्हांला जरा घाईचे वाटते. पुढे त्याचे भाऊबंद सापडले, की या कुलाच्या भिंती हलू शकतील. पण ज्या लक्षणांवर हा निर्णय घेतला ती निबंधात समोर मांडलेली आहेत, त्यामुळे वाद घालायला जागा आहे. एवढे असले की शास्त्राचे काम चालते.

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. विष्ठा कोणाची? लेखकांचा अंदाज आहे सिलेसॉरस ओपोलेन्सिस. हा सुमारे दोन मीटर लांबीचा सडपातळ प्राणी. २००३ साली येर्झी झिक यांनी त्याचे वर्णन याच गावच्या हाडांवरून केले. अंदाजाला आधार आहे. सिलेसॉरसची हाडे तेथे भरपूर मिळतात, विष्ठाश्मांचा आकार त्या आकाराच्या प्राण्याला शोभतो, आणि जबड्याच्या टोकाची चोचीसारखी ठेवण किडे टिपायला सोयीची वाटते. परंतु विष्ठेवर कोणाची सही नसते. त्याच परिसरात आणखीही प्राणी वावरत होते, आणि ज्यांची हाडे टिकली नाहीत असेही असतील. दुसरे असे, की सिलेसॉरसला बहुतेक तज्ज्ञ डायनासोर न म्हणता डायनासोरांचा निकटचा नातलग म्हणतात. काहींच्या मते मात्र तो डायनासोरच. म्हणजे 'डायनासोरची विष्ठा' या दोन शब्दांत दोन 'बहुधा' दडलेले आहेत. आणि दोन मीटरच्या प्राण्याने दीड मिलिमीटरचे किडे वेचून खाल्ले, की दुसरे काही खाताना ते शेवाळाबरोबर पोटात गेले? एवढा लहान किडा हे एकमेव भक्ष्य नसावे, असे लेखकही मानतात.

आमचा निष्कर्ष असा, की निबंधाचा पहिला भाग भक्कम आहे आणि दुसरा भाग प्रामाणिक आहे. दोष बातमीचा आहे. तिने प्रामाणिकपणा वगळला आणि आधार फक्त डायनासोरच्या नावाचा घेतला.

या शोधाचे खरे मोल वेगळ्या ठिकाणी आहे. कीटकांचे त्रिमितीय जीवाश्म म्हटले, की आपल्याला अंबर आठवते. पण भरपूर कीटक असलेले अंबर मुख्यतः क्रेटेशियस काळापासून पुढचे. इटलीतील कोर्टिनाजवळच्या ट्रायासिक अंबराचे सुमारे ७० हजार थेंब तपासल्यावर हाती लागले ते दोन कोळीकीटक आणि एका माशीचे अवशेष. हे काम २०१२ साली प्रसिद्ध झाले. त्या काळासाठी विष्ठाश्म हे नवे दार ठरू शकते. दुसरा मुद्दा नीतीचा आहे. गेल्या काही वर्षांत डायनासोर-युगातील कितीतरी नवे भुंगेरे वर्णिले गेले ते म्यानमारच्या काचिन प्रांतातील सुमारे ९.९ कोटी वर्षांपूर्वीच्या अंबरातून. तेथील खाणींवर सशस्त्र संघर्षाची छाया आहे. २०१७ नंतर बाहेर आलेल्या अशा अंबरावरचे निबंध तूर्त छापू नयेत, असे आवाहन पृष्ठवंशीय जीवाश्मतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० साली नियतकालिकांना केले. ज्ञात थरातून, उघडपणे खणून काढलेला विष्ठाश्म या बाबतीतही बरा.

विष्ठाश्म म्हटले, की आपण आपल्याच घरी येतो. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे डायनासोरांच्या हाडांबरोबर विष्ठाश्मही मिळतात. वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि सहकाऱ्यांनी त्यांत गवताच्या पेशींतील सिलिकाचे सूक्ष्म कण ओळखले. डायनासोर असताना गवत होते, हे त्यावरून २००५ साली 'सायन्स'मध्ये मांडले गेले. त्याहून मागे जायचे तर, नागपूरजवळच्या टाकळी येथे लाव्ह्याच्या थरांमधल्या गाळात स्टीफन हिस्लॉप यांनी जमवलेल्या कीटकांच्या जीवाश्मांचे वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० साली लंडनला प्रसिद्ध केले. त्यांत भुंगेऱ्यांचे कवचपंख होते. डायनासोर-युगाच्या अखेरीच्या सुमाराचे हे आपले भुंगेरे. केवळ पंखांच्या कवचांवरून केलेली ती ओळख आजच्या साधनांनी पुन्हा तपासायला हवी, असे लीहर्मानियाचा धडा सांगतो.

वर्गात यातले काय करता येईल? पावसाळ्यात व्हरांड्यात येणाऱ्या भेकाची किंवा भिंतीवरच्या पालीची वाळलेली लेंडी घ्या. हातमोजे घालून ती पाण्यात भिजवा, सुईने सोडवा आणि भिंगाखाली पाहा. भुंगेऱ्याच्या पंखांची चमकदार कवचे, पायांचे तुकडे बहुतेक वेळा मिळतात. नंतर हात साबणाने स्वच्छ धुवा. मग वहीत तीन रकाने आखायला सांगा: नक्की, बहुधा, माहीत नाही. किडा कोणत्या गणातला? कोणत्या जातीचा? खाणारा कोण? मुद्दाम वेगळ्या ठिकाणची एक लेंडी द्या आणि ती कोठून आणली ते सांगू नका. 'खाणारा कोण'चे उत्तर मुले कोणत्या रकान्यात लिहितात ते पाहा.

त्या बाईंना आम्ही पत्राने उत्तर पाठवले. त्यात 'बहुधा' हा शब्द तीन वेळा आला. त्यांचे उत्तर आले, की मुलांना ही गोष्ट आता जास्त आवडली, कारण तिच्यात त्यांना शोधायला काही उरले आहे.