फासे, वंश आणि पाच टक्के

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाला २०२४ साली पन्नास वर्षे पूर्ण झाली आणि त्याच वर्षी त्याच्या नियमपुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. शिक्षकांसाठी असलेल्या विज्ञानाच्या मासिकात खेळाच्या पुस्तकाचे परीक्षण कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. या पुस्तकात एक तक्ता आहे. कोणाच्या अंगी जन्मतः काय असते आणि त्यावरून त्याने कोणता पेशा धरावा, याचा तो तक्ता आहे. अशा तक्त्यांशी आपला शाळेत रोजच संबंध येतो. ते छापलेले नसतात, एवढाच फरक.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली तो प्रसिद्ध केला. एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेका पात्राची भूमिका घेतात आणि आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात. कृती साधली की फसली, हे फासे ठरवतात. खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपले पात्र घडवायचे असते. बल, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि व्यक्तिमत्त्वाची छाप अशा सहा गुणांना आकडे द्यायचे. जुन्या पद्धतीत प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकून बेरीज घेत, म्हणजे आकडा ३ ते १८ यांमध्ये येई. मग वंश निवडायचा: माणूस, बुटका व दणकट ड्वार्फ, सडपातळ एल्फ वगैरे. आणि शेवटी पेशा: योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर इत्यादी.

वंश आणि पेशा यांची सांगड कशी घालावी, याबाबत पुस्तकाने पन्नास वर्षांत अनेकदा मत बदलले. १९७४ च्या पुस्तकात ड्वार्फला योद्धाच व्हावे लागे आणि तोही सहाव्या पायरीपुढे जाऊ शकत नसे. हॉबिटची वाट चौथ्या पायरीवर संपे. माणसाला मात्र अशी मर्यादा नव्हती. १९७८ च्या विस्तारित पुस्तकात वंशानुसार गुणांत वजाबाकी-बेरीज आली. एल्फला चपळाईत १ ची भर आणि काटकपणात १ ची घट, असा हिशेब होता. स्त्री-पात्रांच्या बलालाही त्याच पुस्तकात वेगळी कमाल मर्यादा घातली होती. १९८१ च्या सोप्या आवृत्तीने तर कळस केला. तीत माणसाला चार पेशांतून निवड होती, पण एल्फ, ड्वार्फ आणि हाफलिंग हे स्वतःच पेशे होते. ज्या घरी जन्म, तोच धंदा. मराठी वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही.

या नियमांवर टीका करण्यापूर्वी त्यांचे गणित पाहू. चपळाईत १ ची भर मिळालेला एल्फ आणि भर न मिळालेला माणूस घ्या. दोघांनी तीन-तीन फासे टाकले, तर एल्फ अधिक चपळ निघण्याची शक्यता सुमारे ५५ टक्के येते. दोघे बरोबरीत सुटण्याची सुमारे ९ टक्के, आणि माणूस सरस ठरण्याची सुमारे ३६ टक्के. म्हणजे ‘एल्फ माणसापेक्षा चपळ असतात’ हे विधान सरासरीच्या दृष्टीने खरे असूनही शंभरांतील छत्तीस जोड्यांत ते साफ खोटे पडते. फाशांनी गटांत पाडलेला फरक चिमूटभर आहे, व्यक्तींत पाडलेला ओंजळभर.

मानवी गटांची स्थितीही काहीशी अशीच आहे. रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ साली रक्तगट व प्रथिने यांच्या आधारे दाखवून दिले, की माणसांतील एकूण आनुवंशिक विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के विविधता एकाच लोकसमूहाच्या आत सापडते. तथाकथित वंशांच्या वाट्याला त्यातली जेमतेम ६ टक्के येते.

तेव्हा दोष १ च्या भरीत नव्हता. दोष होता तो वरच्या पायऱ्यांना घातलेल्या कुलपात. सरासरीतील फरक व्यक्तीला थोडे मागेपुढे करतो. कमाल मर्यादा मात्र त्या व्यक्तीचा आकडा पाहतच नाही. फासे कितीही चांगले पडले तरी ड्वार्फ सहाव्या पायरीवर थांबणार, हे सरासरीवरून निघत नाही. ते कोणीतरी ठरवलेले असते. स्त्रियांच्या बलाची मर्यादा १९८९ च्या आवृत्तीत गेली आणि वंशांच्या पायऱ्यांची मर्यादा २००० साली, याचे श्रेय पुस्तकाला दिलेच पाहिजे.

पण कुलूप काढल्यावरही लोक त्याच दारातून जात राहिले. याचे कारण आम्हांला सर्वांत बोधप्रद वाटते. २०१४ च्या आवृत्तीत एल्फला चपळाईत २ ची भर मिळे. वीस बाजूंच्या फाशावर तिचा परिणाम एका घराचा, म्हणजे पाच टक्क्यांचा. जिथे भर नसलेल्या पात्राला यशाची शक्यता ५० टक्के, तिथे एल्फला ५५. हा फरक किरकोळ आहे. मात्र खेळाडू तक्ता पाहून निवड करतो. धनुर्धर हवा असेल तर तो एल्फ घेतो. पाच टक्के फुकट का सोडा? असे सगळ्यांनीच केले, की खेळात धनुर्धर म्हटला की एल्फच दिसू लागतो. नवखा खेळाडू हे पाहून म्हणतो, ‘एल्फ जात्याच धनुर्धर असतात.’ पाच टक्क्यांचा फरक निवडीच्या चाळणीतून गेला, की शंभर टक्क्यांसारखा दिसतो, आणि चाळणी कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘या घरातली मुले गणितात कच्चीच’ असे म्हणून एखाद्याला फळ्याजवळ न बोलावणारा शिक्षक हीच चाळणी हातात धरून उभा असतो.

पुस्तकाच्या कर्त्यांना ही अडचण उमगली असावी. २०२० च्या एका पुरवणीने वंशाची भर हव्या त्या गुणाकडे वळवण्याची मुभा दिली. २०२४ च्या आवृत्तीत ‘वंश’ हा शब्दच गेला आणि त्याजागी ‘स्पीशीज’ आला. आपल्या जीवशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला ‘जाती’ म्हणतात तो. मराठीत या शब्दाने घोटाळा अधिकच वाढेल, हे सांगायला नको. पण विज्ञानाच्या दृष्टीनेही बदल गमतीचा आहे. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ साली मांडलेल्या व्याख्येनुसार, ज्यांचा आपसांत संकर होऊन प्रजननक्षम संतती होते ते एका जातीचे. जुन्या पुस्तकांत माणूस व एल्फ यांची संतती, तसेच माणूस व ऑर्क यांची संतती, अशी दोन पात्रे होती. नव्या मुख्य पुस्तकाच्या यादीतून दोन्ही वगळली आहेत. प्रश्न सुटला नाही, दृष्टीआड झाला.

दुसरी विसंगती याहून मोठी आहे. जोवर पुस्तक ‘वंश’ म्हणत होते तोवर ते गटांना भिन्न प्राण्यांसारखे वागवत होते. आता भिन्न जाती म्हणते, आणि त्यांच्या सहा गुणांत जन्माने काहीच फरक नाही असेही म्हणते. अंधारात दिसणे किंवा तोंडातून अग्नी फेकणे अशा काही करामती तेवढ्या राहिल्या. खऱ्या जीवसृष्टीत जातींच्या बलात फरक असतोच; हत्ती आणि उंदीर यांचे बल वेगळे म्हणण्यात कोणाचा अपमान नाही. तीन फुटांचा हाफलिंग आणि सात फुटांचा गोलिएथ यांना बलाचा एकच हिशेब लावणे हे समतेचे तत्त्व चुकीच्या जागी लावणे आहे. खेळाची मजाच गेली, ही जुन्या खेळाडूंची तक्रार या बाबतीत आम्हांला रास्त वाटते.

मग ती गुणांची भर गेली कुठे? ती आता पात्राच्या ‘पार्श्वभूमी’वरून मिळते. सैनिक, विद्वान, शेतकरी अशा सोळा पार्श्वभूमी दिल्या आहेत आणि प्रत्येकीला तीन गुण नेमून दिले आहेत. शेतकऱ्याला बल, काटकपणा आणि शहाणपण. बुद्धीची भर त्याच्या वाट्याला नाही. ती विद्वानाच्या यादीत आहे. शेतकऱ्याच्या पात्राला मुळातला बुद्धीचा आकडा चांगला घेता येतो, हे खरे. पण जादूगार होऊ पाहणारा खेळाडू पुन्हा तक्ता पाहणार, शेतकरी सोडून विद्वान घेणार, आणि काही काळाने शेतकरी जादूगार दिसेनासे होणार. चिठ्ठी जन्मावरून काढून संगोपनावर चिकटवली, चाळणी जागच्या जागीच राहिली. नव्या आवृत्तीचा हेतू चांगला आहे. पण गटावरून व्यक्तीचा अंदाज बांधण्याची सवय तिनेही सोडलेली नाही, असे आमचे मत आहे.

शिक्षकांना हे वर्गात दाखवता येईल आणि त्यासाठी खेळ विकत घेण्याची गरज नाही. वर्गाचे दोन समान गट पाडावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने तीन फासे टाकून बेरीज करावी. दुसऱ्या गटाने तीत १ मिळवावा. आकडे चिठ्ठ्यांवर लिहून, गट न सांगता, एकत्र करावेत. मग एकेक चिठ्ठी उचलून ती कोणत्या गटाची हे मुलांना ओळखायला सांगावे. डोळे मिटून सांगितले तर शंभरात पन्नास उत्तरे बरोबर येतील. उत्तमात उत्तम रीतीने अंदाज बांधला, तरी दीर्घकाळात छप्पन्नच्या वर जाता येत नाही. हा आकडा का येतो, ते वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनी तीन फाशांच्या २१६ शक्यता मांडून स्वतः काढावे. आणि मग, फरक १ ऐवजी ३ चा असता तर काय झाले असते, तेही.