परभाषेतील प्रयोग आणि निर्णयाचा अधिकार

इंग्रजीतील अमुक प्रयोग शुद्ध की अशुद्ध, हा वाद आपल्याकडे शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. कचेरीतील टिपणी, महाविद्यालयातील निबंध, नोकरीच्या मुलाखती, सुशिक्षितांच्या बैठका, अशा कोणत्याही ठिकाणी तो अचानक उद्भवतो. या वादात एक गृहीतक सर्वांना मान्य असल्यासारखे दिसते. ते असे की, ज्याची ती मातृभाषा त्यालाच तिच्या प्रयोगांचा निर्णय देण्याचा अधिकार. इतरांनी तो निर्णय शिरसावंद्य मानावा. हे गृहीतक कितपत टिकते, हे प्रस्तुत लेखात रायपूर आणि त्याच्या परिसराच्या आधाराने पाहावयाचे आहे. 1854 पर्यंत नागपूरच्या भोसल्यांच्या राज्यात असलेल्या या मुलखात छत्तीसगढी, हिंदी, मराठी आणि इंग्रजी या चार भाषा एकमेकींवर घासत आल्या आहेत. एका भाषेचा जाणकार दुसऱ्या भाषेत परका ठरतो, असा अनुभव येथे नित्याचा आहे. म्हणूनच अधिकाराचा प्रश्न येथे अधिक उघडा दिसतो.

प्रथम इंग्रजीकडे वळू. ज्या भाषेच्या शुद्धाशुद्धतेविषयी आपण इतके धास्तावलेले असतो, त्या भाषेला अधिकृत निर्णय देणारे पीठ कधीच नव्हते. फ्रेंचांनी 1635 मध्ये आपली अकादमी स्थापन केली. इंग्रजीसाठी अशी काही व्यवस्था असावी, ही स्विफ्टची 1712 मधील सूचना मात्र कागदावरच राहिली. जॉन्सनचा 1755 चा कोश, लाउथचे 1762 चे व्याकरण, फाउलरचा 1926 चा प्रयोगकोश, हे ग्रंथ अधिकारी मानले गेले खरे. परंतु तो अधिकार वाचकांनी त्यांना दिलेला होता. लाउथने तर आपल्या टिपांतून शेक्सपिअर आणि मिल्टन यांच्याही चुका काढल्या आहेत. ज्या लेखकांमुळे ती भाषा थोर ठरली तेच जर अशुद्ध लिहीत असतील, तर नियम कोठून आला, असा प्रश्न कोणाही विचारी वाचकास पडेल. तात्पर्य, इंग्रजीत रूढी हीच अंतिम सत्ता आहे, आणि रूढी म्हणजे बोलणाऱ्या-लिहिणाऱ्यांची अखंड चर्चा. या चर्चेत ज्यांनी ती भाषा कष्टाने कमावली त्यांना स्थान आहे की नाही, एवढाच मुद्दा उरतो.

या मुद्द्यावरील एक स्पष्ट भूमिका मुंबई इलाख्यातील मुलकी अधिकारी जॉर्ज क्लिफर्ड व्हिटवर्थ यांच्या 1907 मधील ग्रंथात आढळते. भारतीयांची इंग्रजी हा त्याचा विषय, आणि इंग्रजी लिहिताना भारतीय लेखक वाक्प्रचारांत ज्या चुका करतात त्यांची तपासणी हा त्याचा हेतू. म्हणजे ज्याला 'भारतीय इंग्रजी' म्हणावयाचे ती चुकांची बेरीज, असे समीकरण ग्रंथाच्या नावातच बसले आहे. व्हिटवर्थ यांच्या सूक्ष्म निरीक्षणाबद्दल वाद नाही. परंतु अशा याद्यांनी भारतीय विद्यार्थ्याच्या मनात एक गोष्ट खोल रुजविली : आपले काही वेगळे दिसले की ते चुकलेच असणार.

वस्तुस्थिती इतकी सरळ नाही. या कथित चुकांत निदान तीन जाती वेगळ्या कराव्या लागतात. पहिली जात जुन्याच्या अवशेषांची. 'डू द नीडफुल' हा आमच्या कचेऱ्यांतील शब्दप्रयोग इंग्रजांच्याच व्यापारी पत्रव्यवहारातून आला. तिकडे तो मागे पडला, इकडे टिकला. त्याला भारतीय चूक म्हणणे म्हणजे ठेव सांभाळणाऱ्यालाच चोर ठरविण्यासारखे आहे.

दुसरी जात गरजेची. चुलतभाऊ, मामेभाऊ, आतेभाऊ आणि मावसभाऊ यांतील भेद ज्याच्या घरात जिवंत आहेत, त्याला 'कझिन' हा एकच शब्द पोकळ वाटतो. त्यातून भाऊ की बहीण, हेही कळत नाही. मग तो 'कझिन ब्रदर' म्हणतो. नाते तरीही पुरते सांगता येत नाही. निदान लिंग तरी सांगितले जाते. 'पोस्टपोन'च्या उलट 'प्रीपोन' हा शब्दही असाच. सोळाव्या शतकात तो इंग्रजीत 'पुढे मांडणे' अशा वेगळ्या अर्थाने येऊन गेला होता; 'ठरलेल्या वेळेच्या आधी घेणे' या अर्थाने तो आपल्याकडे रुजला आणि इंग्रजी कोशांनीही त्याची नोंद घेतली. 'आय लिव्ह हिअर ओन्ली' या वाक्यातील 'ओन्ली' म्हणजे आपला 'च' आणि हिंदीचा 'ही'. शब्दावर नेमका भार देण्याची जी सोय आपल्या भाषांत एका अक्षरात आहे, ती इंग्रजीत बहुधा स्वराघाताने साधावी लागते. ज्याच्या कानाला तो आघात परका, त्याने अव्यय शोधले, इतकेच.

तिसरी जात मात्र खऱ्या घोटाळ्याची. विद्यार्थी शिक्षकास 'आय हॅव अ डाउट' असे म्हणतो तेव्हा त्याच्या मनात 'शंका' हा शब्द असतो. आपल्या 'शंके'त जिज्ञासा आणि संशय दोन्ही सामावतात. 'डाउट'मध्ये संशयाचा अंश प्रबळ आहे. परदेशी अध्यापकास वाटते, याचा माझ्या विधानावर विश्वास नाही. येथे अर्थच बदलला आहे, आणि असे स्थळ दाखवून देणे हे प्रयोगचर्चेचे अगदी उचित कार्य होय. तेव्हा कसोटी ही असावी : प्रयोगाने अर्थ बिघडतो, अर्थ वाढतो, की केवळ कोणाचा तरी कान दुखावतो? व्हिटवर्थी पद्धतीचा दोष असा की, ती या तिन्ही प्रकारांना एकाच लाल शाईने खुणावते.

परक्याच्या अधिकाराचा प्रश्न हिंदीच्या बाबतीत याच प्रदेशाने मोठ्या धैर्याने सोडविला आहे. 1900 च्या जानेवारीत पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक निघाले. त्याचे संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे, तिघेही मराठी. मासिक तीनच वर्षे चालले. परंतु ग्रंथपरीक्षणाला त्याने दिलेल्या स्थानामुळे हिंदी समीक्षेच्या आरंभकाळात त्याची गणना होते. पुढे 'दासबोध' आणि टिळकांचे 'गीतारहस्य' हिंदीत नेणारे सप्रे 1924 मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, आणि 1926 मध्ये रायपुरास निवर्तले. मराठी घरातील माणसाने हिंदी ग्रंथांचे गुणदोष सांगावेत, याने हिंदीचे काही बिघडले नाही.

त्याच काळात हिंदीत प्रयोगशुद्धीचा मोठा वाद पेटला. महावीरप्रसाद द्विवेदी यांनी 1905 च्या 'सरस्वती'त 'भाषा और व्याकरण' हा लेख लिहून पूर्वसूरींचे दोष दाखविले. त्यात त्यांच्याच लेखणीतून 'अनस्थिरता' हा शब्द उतरला. बालमुकुंद गुप्त यांनी 'आत्माराम' या नावाने 'भारतमित्र'मधून लेखमाला लिहून त्यावर झोड उठविली. संस्कृत नियमाने 'अस्थिरता' हेच रूप, कारण 'अन्' स्वरापूर्वी येतो. पण हिंदीचा स्वतःचा 'अन' हा उपसर्ग 'अनपढ' आणि 'अनबन' यांत व्यंजनापूर्वी येतोच. तेव्हा हिंदी शब्दाचा न्याय कोणत्या भाषेच्या कायद्याने करावयाचा? 'प्रीपोन'च्या वादाचे मर्म याहून निराळे नाही. या मंथनानंतर 1920 मध्ये कामताप्रसाद गुरु यांचे प्रमाणभूत हिंदी व्याकरण सिद्ध झाले. त्याची मांडणी बव्हंशी इंग्रजी व्याकरणाच्या धर्तीची असून, मोरो केशव दामले यांच्या 1911 च्या मराठी व्याकरणाचे ऋण त्यांनी मान्य केले आहे. ज्या भाषेची शुद्धता आपण राखावयास निघतो, तिचे नियमही कित्येकदा परभाषेच्या साच्यातून आलेले असतात.

येथे आपल्याच दारातील एक विसंगती सांगितली पाहिजे. 'प्रीपोन'ची बाजू घेणारा पुण्याकडील मराठी गृहस्थ, नागपूर-रायपूरकडचा कोणी 'मी करून राहिलो' म्हणाला की हसतो. वास्तविक या प्रयोगात चालू क्रियेची छटा नेमकी व्यक्त होते. इंग्रजांपुढे रूढीचा हक्क मागावयाचा आणि स्वभाषिकांपुढे व्याकरणाची छडी उगारावयाची, हा न्याय नव्हे. उलट, लेखकाने बोलीतील रूप हेतुपूर्वक स्वीकारले की भाषेला काय लाभते, हे विनोद कुमार शुक्ल यांनी रायपुरात राहून दाखविले. त्यांच्या 1981 मधील कवितासंग्रहाच्या लांबलचक शीर्षकात क्रियापद शेवटी न येता आधीच येते, आणि 'पहनकर'ऐवजी 'पहिनकर' येते. शिक्षकाने हे निबंधात खोडले असते.

कोणी म्हणेल, असे असेल तर सर्वच क्षम्य ठरेल. तसे मुळीच नाही. प्रमाण इंग्रजी शिकविणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहेच. ज्याला ती येत नाही त्याच्यासाठी अनेक दरवाजे बंद राहतात, आणि हे त्याच्यापासून लपविणे ही दया नव्हे. परंतु 'हा प्रयोग येथे चालतो, तेथे त्याचा असा अर्थ घेतला जाईल' असे सांगणे वेगळे, आणि 'तू अशिक्षित आहेस' असे सुचविणे वेगळे. 1979 मध्ये निहलानी, टंग आणि होसाली यांनी भारतीय व ब्रिटिश प्रयोग शेजारी शेजारी ठेवणारी जी पुस्तिका सिद्ध केली, ती या दिशेने एक पाऊल होती.

पूर्ण आदर्श मात्र त्याहून जुना आहे, आणि तो याच परिसरातला आहे. धमतरी येथे मुख्याध्यापक असलेल्या हीरालाल काव्योपाध्याय यांनी 1885 मध्ये छत्तीसगढीचे व्याकरण लिहिले. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि 1890 मध्ये ते बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. शेतकऱ्यांच्या तोंडच्या भाषेला येथे चुकांची यादी मिळाली नाही, नियम मिळाले. व्हिटवर्थ आणि हीरालाल यांच्या ग्रंथांत सतराच वर्षांचे अंतर आहे. दृष्टीचे अंतर त्याहून फार मोठे. एकाने विचारले, हे लोक कोठे चुकतात? दुसऱ्याने विचारले, हे लोक कसे बोलतात?

आज इंग्रजी ही साहित्य अकादमीने मान्य केलेल्या चोवीस भाषांपैकी एक आहे. 1960 मध्ये आर. के. नारायण यांच्या 'द गाइड'ला तिचा पुरस्कारही मिळाला. छत्तीसगढी 2007 पासून आपल्या राज्याची राजभाषा असली, तरी त्या चोविसांत नाही. जी भाषा आपण आपली म्हणून मान्य केली, तिच्यात पाहुण्यासारखे संकोचाने वावरण्याचे कारण उरत नाही. आणि जी घरचीच आहे तिला उंबऱ्याबाहेर ठेवण्याचेही नाही. प्रयोगचर्चा अवश्य व्हावी, कठोर व्हावी. मात्र तिचा आरंभ हीरालालांच्या प्रश्नापासून व्हावा; व्हिटवर्थांच्या प्रश्नाची पाळी त्यानंतरची.