संदर्भग्रंथाचें वचन

कादंबरी वाईट निघाली तर वाचकाची एक संध्याकाळ फुकट जाते. संदर्भग्रंथांतील एक ओळ चुकली तर ती कोणाच्या कामांत, कोठें आणि केव्हां नडेल, हें मात्र सांगतां येत नाहीं. असें असूनहि आपल्या टीकाकारांचें लक्ष कादंबरीकडे जितकें जातें, त्याच्या शतांशानेंहि तें संदर्भग्रंथांकडे जात नाहीं. त्यांतून संगणकाच्या भाषांचे संदर्भग्रंथ म्हणजे कारागिरांची खाजगी बाब. वाङ्मयाशीं त्यांचा संबंध काय, असा प्रश्न पुष्कळजण करतील. पण ज्या लेखनाला कर्ता आहे, वाचक आहे आणि ज्यांत एका शब्दाच्या निवडीवर अनेकांचें काम अवलंबून आहे, तें परीक्षणास अपात्र कसें मानावें? ह्या ग्रंथांचें एकच अंग, म्हणजे त्यांची दुरुस्ती, येथें विचारांत घ्यावयाचें आहे.

प्रथम विषयाची ओळख. प्रत्येक संगणकभाषा माहिती सांठविण्याचे कांहीं तयार सांचे पुरविते. त्यांस 'डेटा स्ट्रक्चर' म्हणतात. 'लिस्ट' म्हणजे हजेरीपटाप्रमाणें एकाखालीं एक मांडलेल्या नोंदी. 'डिक्शनरी' म्हणजे नांवासमोर फोन नंबर लिहावा त्याप्रमाणें एका खुणेसमोर ठेविलेली माहिती. नोंद घालणें, काढणें, मोजणें, क्रमानें लावणें, ह्या कामांसाठीं तयार फंक्शन्स असतात. तीं वापरणारा प्रोग्रॅमर त्यांच्या पोटांत शिरून पाहात नाहीं. संदर्भग्रंथांत जें लिहिलें असेल, तेंच त्याच्यापुरतें त्यांचें स्वरूप. म्हणून ह्या ग्रंथांतील वाक्य वरवर वर्णन दिसलें, तरी वस्तुतः तें वचन असतें. आणि वचनाची दुरुस्ती ही मुद्रितांतील कानामात्रा सुधारण्याइतकी सोपी गोष्ट नव्हे.

पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनानें वार्तिकें रचिलीं, हें सर्वश्रुत आहे. वार्तिकाचें लक्षण सांगतांना आपल्या जुन्या पंडितांनीं तीन गोष्टी सांगितल्या: उक्त, अनुक्त आणि दुरुक्त यांचा विचार. जें सांगितलें तें ठीक आहे काय, जें सांगावयाचें राहिलें तें कोणतें, आणि जें वाईट रीतीनें सांगितलें तें कोणतें? ग्रंथशुद्धीच्या ह्याहून चांगल्या कसोट्या आजहि सांपडणार नाहींत.

अनुक्ताचें उदाहरण प्रथम घेऊं. विद्यार्थ्यांची यादी वर्णानुक्रमानें लावलेली आहे. ती आतां गुणानुक्रमानें लावावयाची. ज्या दोघांस सारखेच गुण आहेत, त्यांचा आपसांतला वर्णानुक्रम टिकेल काय? टिकत असेल तर त्या पद्धतीस 'स्थिर' म्हणतात. पायथॉन ह्या भाषेंत २.२ आवृत्तीपर्यंत ही स्थिरता असली तर केवळ योगायोगानें असे. २००३ सालच्या २.३ आवृत्तींत टिम पीटर्स यांची नवी पद्धत आली व ती स्थिर होती. तरीहि तिच्यावर भरंवसा ठेवूं नये, असेंच त्या वेळचा ग्रंथ सांगत होता. पुढें ग्रंथकारांनीं खात्री लिहून दिली. जावास्क्रिप्टची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. २०१९ पूर्वीं तिचें प्रमाणपुस्तक स्थिरतेची हमी देत नव्हतें, आणि क्रोम ब्राउझरांत २०१८ पर्यंत दहा किंवा त्याहून कमी नोंदी असल्या तर पद्धत स्थिर असे. अकरावी नोंद आली कीं दुसरी पद्धत लागू होई आणि स्थिरता जाई. आठदहा नांवांवर प्रयोग करून समाधान मानणाऱ्याला ग्रंथाचें मौन म्हणजे अनुमतिच वाटली असणार. संदर्भग्रंथांतील मौनहि वाचक वाचतो, आणि बहुधा आपल्या सोयीचें वाचतो.

डिक्शनरीच्या बाबतींत हाच प्रश्न वेगळ्या रूपानें उभा राहिला. पायथॉनचा जुना ग्रंथ सांगत असे कीं, डिक्शनरींतील नोंदी कोणत्या क्रमानें बाहेर येतील याचा नेम नाहीं. डिसेंबर २०१६ मधील ३.६ आवृत्तींत जागा वांचविण्यासाठीं आंतली मांडणी बदलली, आणि नोंदी ज्या क्रमानें घातल्या त्याच क्रमानें बाहेर येऊं लागल्या. ग्रंथ म्हणे, ह्यावर विसंबूं नका. डोळ्यांना दिसे कीं, विसंबायला हरकत नाहीं. अखेरीस डिसेंबर २०१७ मध्यें भाषेचे जनक ग्वीदो व्हान रॉसम यांनीं निर्णय दिला, आणि जून २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून हा क्रम भाषेचा नियम झाला. गो ह्या भाषेच्या कर्त्यांनीं नेमका उलट मार्ग धरिला होता. त्यांच्या भाषेंतील अशाच सांच्याच्या क्रमावर लोक विसंबूं लागले, असें दिसतांच २०१२ सालच्या पहिल्या ठरीव आवृत्तींत त्यांनीं तो क्रम मुद्दाम अनियमित करून टाकिला. वाचक वाक्य वाचणार नाहीं, निदान त्याचा प्रोग्रॅम पहिल्याच दिवशीं अडखळेल, हा त्यांतील हेतु.

दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. पायथॉननें आचारास वचनाचें रूप दिलें. गोनें वचनासाठीं आचार बदलला. आमच्या मतें, जें वचन जन्मभर पाळण्याची तयारी आहे तेंच द्यावें; ती तयारी नसेल तेथें गोचा कठोरपणाच वाचकाच्या अधिक हिताचा. कारण एकदां दिलेलें वचन त्या भाषेची पुढें कोणी नवी घडण करील त्यासहि बांधून टाकितें. निंद्य असेल तर तो तिसरा मार्ग: उक्ति एक, कृति दुसरी, आणि दोहोंच्या मधली दरी तशीच राहूं देणें.

आतां दुरुक्त. सी प्लस प्लस भाषेच्या १९९८ च्या प्रमाणपुस्तकांत लिस्टमधील नोंदींची संख्या सांगणाऱ्या फंक्शनाविषयीं असा आशय होता कीं, त्यास लागणारा वेळ लिस्टच्या लांबीवर अवलंबून नसावा. 'नसावा' म्हटलें, 'नसलाच पाहिजे' असें म्हटलें नाहीं. ह्या एका क्रियापदाच्या फटींतून मतभेद आंत शिरला. जीसीसी ह्या सुप्रसिद्ध कंपायलरच्या ग्रंथालयानें तो शब्द शिफारस समजून, प्रत्येक वेळीं पहिल्यापासून शेवटपर्यंत नोंदी मोजण्याचें ठरविलें. कारण त्यामुळें एका लिस्टचा तुकडा दुसरींत जोडण्याचें काम झटपट होई. अर्थात् इतरत्र चटकन् चालणारा प्रोग्रॅम येथें लांब लिस्टवर रेंगाळूं शकत होता, आणि दोष कोणाचाच नाहीं, असेंहि म्हणतां येत होतें! २०११ च्या प्रमाणपुस्तकानें ती फट बुजविली. तरी आधीं तयार झालेले प्रोग्रॅम मोडूं नयेत म्हणून जीसीसीनें प्रत्यक्ष बदल केला तो २०१५ च्या पांचव्या आवृत्तींत. एका विध्यर्थाची किंमत सतरा वर्षें! व्याकरण ही रुक्ष विद्या आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

पण कृति आणि उक्ति यांचा मेळ नसला कीं उक्तीच बदलावयाची, असा नियम करणें घातुक होईल. जावा भाषेंत क्रमानें लावलेल्या नोंदींतून हवी ती शोधण्याचें एक फंक्शन आहे. तें मधली नोंद पाहतें, अर्धा भाग टाकून देतें, आणि असेंच पुढें जातें. मध्य काढतांना तें दोन क्रमांकांची बेरीज करून निम्मी करी. नोंदी शंभर कोटींच्या वर गेल्या कीं ती बेरीज संख्येच्या ठरलेल्या मर्यादेबाहेर जाई, आणि उत्तर ऋण येई. हा दोष सुमारें नऊ वर्षें तसाच पडून होता. २००६ सालीं त्या फंक्शनाचे कर्ते जोशुआ ब्लॉक यांनीं तो स्वतःच जाहीर केला. ग्रंथांत 'नोंदी फार असल्यास वापरूं नये' एवढें वाक्य घालून सुटका करून घेतां आली असती. तसें न करितां फंक्शन सुधारण्यांत आलें, आणि तेंच योग्य. कारण वचन खरें होतें, खोटी होती ती कृति. शुद्धिकारानें लेखणी उचलण्यापूर्वीं हा विवेक केलाच पाहिजे. नाहीं तर दुरुस्तीच्या नांवाखालीं चुकीला राजमान्यता मिळते.

राहिला दुरुस्तीच्या रीतीचा प्रश्न. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ति १८३१ ची, आणि सुधारलेली दुसरी १८५७ ची. दोन्ही कपाटांत शेजारीं शेजारीं उभ्या राहतात. कोणतें मत केव्हांचें, हें पाहणाऱ्यास पाहतां येतें. संगणकभाषांचे ग्रंथ आतां छापील नसल्यामुळें जुनें वाक्य पुसून नवें लिहिणें क्षणाचें काम झालें आहे, आणि मोह तेथेंच आहे. पायथॉनच्या ग्रंथकारांची एक संवय ह्या दृष्टीनें अनुकरणीय वाटते. डिक्शनरींतून एक जोडी काढून देणाऱ्या फंक्शनाखालीं ते स्पष्ट नोंदवितात कीं, ३.७ पासून शेवटीं घातलेली जोडी प्रथम निघेल. त्यापूर्वीं कोणतीहि निघत असे. जुना प्रोग्रॅम हातीं घेऊन बसलेल्या मनुष्याला ही दुसरी अर्धी ओळच अधिक मोलाची. २०१८ पूर्वीं छापलेल्या पाठ्यपुस्तकांत विद्यार्थी 'डिक्शनरीस क्रम नसतो' असें वाचतो आणि आजच्या ग्रंथांत त्याच्या उलट. दोन्ही विधानें आपापल्या काळीं खरीं आहेत, हें त्याला त्या एका ओळीवांचून कळणार कसें?

तथापि एवढ्यानेंहि काम संपत नाहीं. डिक्शनरीला क्रम मिळाला हें ऐकून नवशिका सहज मानतो कीं, तिच्याच भावंडासारखा दिसणारा 'सेट' हा सांचाहि क्रम पाळीत असेल. पायथॉननें तसें वचन दिलेलें नाहीं. एका ठिकाणची दुरुस्ती शेजारच्या वाक्यांचा अर्थहि बदलते, हें ओळखून शुद्धिकारानें शेजारचीं पानें चाळलीं पाहिजेत, आणि 'येथें कांहीं कबूल केलेलें नाहीं' हें वाक्य संकोच न धरितां लिहिलें पाहिजे.

ललित लेखकाला संदिग्धता शोभते. वाचकाच्या कल्पनेस ती वाव देते. संदर्भग्रंथाच्या लेखकाला हा विलास परवडत नाहीं. त्याचें यश त्याच्या शैलीच्या स्तुतींत नाहीं. कोणा अनोळखी माणसानें रात्रीं त्याच्या एका ओळीवर विश्वासून काम पुरें करावें आणि सकाळीं तें तसेंच उभें असावें, ह्यांत तें आहे. असें लेखन नेहमीं निनांवी राहतें. म्हणूनच त्याच्या गुणदोषांची चर्चा करणें हें टीकेचें काम आहे, आणि तें आपण फार दिवस टाळीत आलों आहों.