सॉक्रेटिसाचे घर आणि आमचे माळवद

काव्य, नाटक, कादंबरी ह्यांची परीक्षा करण्याची आपल्याकडे जुनी वहिवाट आहे. परंतु ज्या भिंतींच्या आड बसून आपण ती वाचतो त्या भिंतींची परीक्षा टीकाकार सहसा करीत नाहीत. घर ही गवंड्याची व सुताराची बाब, साहित्यिकाची नव्हे, असा आपला समज आहे. ग्रीक लेखक झेनोफन ह्याचा तसा समज नव्हता. त्याने सॉक्रेटिसाच्या ज्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत, त्यांच्या तिसऱ्या भागातील एका छोट्या प्रकरणात सौंदर्य आणि उपयुक्तता ही दोन नव्हेत, एकच, असा सिद्धान्त मांडला आहे, आणि त्याच्या समर्थनार्थ उदाहरण घेतले आहे ते घराचे.

सॉक्रेटिसाचे म्हणणे थोडक्यात असे. जे घर उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार, तेच राहण्यास सुखाचे आणि म्हणून तेच सुंदर. दक्षिणेकडे तोंड असलेल्या घरात हिवाळ्याचे तिरपे ऊन पडवीत शिरते. उन्हाळ्यात सूर्य माथ्यावरून व छपरावरून जातो आणि आत सावली राहते. यास्तव घराची दक्षिण बाजू उंच बांधावी आणि उत्तर बाजू ठेंगणी ठेवावी, म्हणजे थंड वाऱ्याचे भय उरत नाही. सरपणावाचून व यंत्रावाचून केवळ सूर्याच्या साह्याने घर ऊबदार करण्याचे जे शास्त्र आज सर्वत्र शिकविले जाते, त्याचे सर्व सार सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीच्या ह्या चार वाक्यांत आहे. फ्रान्समधील पिरेनीज पर्वतात ओदेयो येथे १९६७ साली फेलिक्स त्रोंब हा शास्त्रज्ञ व झाक मिशेल हा वास्तुविशारद ह्यांनी काचेआड काळ्या रंगाची जाड भिंत उभारून जी घरे बांधली, तीही तत्त्वतः ह्याच विचाराची पुढची पायरी होत. दिवसा भिंतीने ऊन प्यावे आणि रात्री ते घरात सोडावे, एवढाच त्यातील मर्माचा भाग.

हे विवेचन सुबक आहे. पण ते अथेन्सचे आहे. चांगल्या टीकेचे पहिले काम असे की, ग्रंथातील विधान ज्या भूमीवर उगवले तेथून उचलून आपल्या अंगणात लावून पाहावे. आम्ही त्यासाठी बीड जिल्ह्यातील चौसाळा घेतो. बालाघाटाच्या पठारावर, बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव आहे. आणि ह्या सर्व मुलखाचे जुने घर म्हणजे दगडमातीच्या भिंतींचे व सपाट मातीच्या छताचे माळवद.

अथेन्स सुमारे ३८ अक्षांशांवर आहे, चौसाळा पावणेएकोणीसच्या आसपास. डिसेंबरच्या अखेरच्या पंधरवड्यात अथेन्सला माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून २८-२९ अंशांहून वर चढत नाही. चौसाळ्यास तो ४८ अंशांवर असतो. म्हणजे आमच्या हिवाळ्यातील सूर्यही पुष्कळ उंच. मेच्या मध्यास तो नेमका माथ्यावर येतो आणि तेथून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्ही तो उत्तरेस झुकलेला राहतो. सॉक्रेटिसाला अशा सूर्याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. दक्षिणेच्या खिडकीचा प्रश्न येथे इतका सोपा आहे की, तिच्यावर दोन फूट पुढे आलेली वळचण असली म्हणजे मार्चच्या संपातदिनी माध्यान्हीची सावली जवळजवळ सहा फूट खाली उतरते, आणि डिसेंबरात सव्वादोन फुटांच्या आतच थांबते. सहा फूट उंचीच्या दारातून हिवाळ्याचे ऊन सुखाने आत यावे व उन्हाळ्याचे बाहेरच राहावे, एवढी व्यवस्था एका वळचणीने होते. उरतो तो खरा प्रश्न छताचा. मे महिन्यात जेथे पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेथे सूर्याचा मारा भिंतीवर नसून माथ्यावर असतो. सॉक्रेटिसाने छपराला केवळ सावली देण्यापुरते काम दिले आहे. ते स्वतः किती तापते हे तो सांगत नाही. आमच्या मते त्याच्या विवेचनातील ही उणीव आहे, आणि आमच्या प्रांतातील अनामिक गवंड्यांनी ती भरून काढली आहे. दख्खनच्या घराचा खरा दर्शनी भाग त्याचे छत होय.

माळवदाची रचना पाहावी. खांबांवर तुळया, तुळयांवर फळ्या, फळ्यांवर काटक्यांचा थर आणि त्यावर फूट-दोन फूट पांढरी माती. सुक्या मातीतून उष्णतेची लाट इतकी सावकाश उतरते की, दीड फूट खाली येईपर्यंत दिवस आणि रात्र ह्यांतील भेद जवळजवळ विरून जातो. दीड-दोन फुटांच्या दगडी भिंतीतून ती आत यावयास दहा तासांहून अधिक लागतात. त्यामुळे दुपारी खोली गार असते; आणि हिवाळ्यात, पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो तेव्हा, दिवसाच्या उन्हाची शिदोरी भिंतीत शिल्लक असते. त्रोंबने काचेच्या साह्याने जे साधले, ते येथे काचेवाचून साधले आहे. आणि ती काच येथे बसविली असती तर मे महिन्यात घराची भट्टी झाली असती. उन्हाळ्याच्या रात्री माणसे खोली सोडून माळवदावर निजावयास जात. दिवसा छताखाली आणि रात्री छतावर, असा एकाच छताचा दुहेरी उपयोग होई.

येथवर माळवदाची स्तुती झाली. परंतु जुन्याची निव्वळ आरती ओवाळणे ही टीका नव्हे. ह्या घरात प्रकाश छतातील साण्यातून येई तेवढाच. स्वयंपाकघरात धूर कोंडे, आणि त्या अंधारात व धुरात ज्यांचे आयुष्य गेले त्या घरच्या बायका होत्या. छत गळू लागले की दर पावसाळ्यापूर्वी नवी माती चढे. जुनी मात्र क्वचितच उतरे. दहा फूट लांब-रुंद खोलीवर दीड फूट माती म्हटली की, १५० घनफूट होते. तिचे वजन सुमारे सात टन भरते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद (आजचा धाराशिव) ह्या जिल्ह्यांत जो भूकंप झाला, त्यात हे ओझे निजलेल्या माणसांवर कोसळले. किल्लारी चौसाळ्यापासून शंभराहून थोडे अधिक किलोमीटरवर आहे. घरे त्याच जातीची होती. भिंतींच्या आतल्या व बाहेरच्या दगडी थरांना एकमेकांशी बांधणारे आरपार दगड नव्हते; मध्ये नुसती माती व चिपा भरलेल्या. धक्का बसताच भिंतींची पोटे फुटली आणि हजारो माणसे गेली.

येथे पुन्हा झेनोफनकडे वळावे लागते. त्याच प्रकरणात सॉक्रेटिस ॲरिस्टिपसला असेही बजावतो की, जे भुकेस हितकारक ते तापात घातक ठरू शकते. कोणतीही वस्तू कशासाठी तरी चांगली असते, नुसती चांगली नसते. हे वाक्य त्याने घरास लावले नाही. ते आमच्या माळवदास तंतोतंत लागू पडते. उन्हास जे हितकर, तेच भूकंपात प्राणघातक ठरले.

मराठवाड्याने ह्यातून जो धडा घेतला तो अर्धाच होता. दगडमातीची भीती बसली, ती समजण्यासारखी होती. पण तिच्या जागी जे आले ते पत्र्याचे छप्पर किंवा चार-पाच इंचांचा सिमेंटचा स्लॅब. पत्रा ऊन क्षणात खाली सोडतो. स्लॅब ते दोन-तीन तास अडवितो, आणि दुपारचा तो ताप नेमका सायंकाळी, माणसे घरी परतण्याच्या वेळी, खाली उतरवितो. ज्याला कूलर व विजेचे बिल परवडते तो सुटला. ज्याला परवडत नाही त्याच्या घरातील तान्हे मूल व म्हातारे माणूस ह्यांना तो सोसावा लागतो. मरणाचे एक कारण टाळताना रोजच्या छळाचे दुसरे कारण आपण घरात आणून ठेवले.

वास्तविक दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. कमी ताकदीच्या दगडी बांधकामासाठी भारतीय मानक ब्यूरोने १९९३ सालीच जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात भिंतीची जाडी ४५ सेंटिमीटरपेक्षा अधिक नसावी, आरपार दगड ठराविक अंतराने घालावेत व भिंतींना आडव्या पट्ट्यांनी बांधून घ्यावे, असे सांगितले आहे. ४५ सेंटिमीटर म्हणजे दीड फूट; उष्णता अडविण्यास ती पुरेशी आहे. जागा मात्र ती खाते. बाहेरून पाच मीटर लांब-रुंद असलेल्या घरात अशा भिंतींमुळे २५ पैकी केवळ १६.८ चौरस मीटर उरतात. आणि ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्रच २५ चौरस मीटर धरलेले असताना हा हिशेब गरिबाला डावलून चालणार नाही. म्हणून जाड भिंत पश्चिमेस, जेथे उतरते ऊन थेट आपटते तेथे, आधी द्यावी. छत हलकेच ठेवून त्यावर पांढरा चुना फासावा किंवा वर वीतभर अंतराने सावलीचे दुसरे आच्छादन घालावे. दक्षिणेच्या दारावर दोन फुटांची वळचण ठेवावी. ह्यांतील एकही गोष्ट श्रीमंतीची नाही.

सॉक्रेटिसाची कसोटी आम्हांस मान्य आहे, परंतु ती एका ऋतूची व एका संकटाची असू नये. जे घर मेच्या दुपारी, पौषाच्या पहाटे आणि धरणी हलेल त्या रात्री, तिन्ही वेळा आतल्या माणसांना सांभाळते, तेच सुंदर. अथेन्सचे घर ह्यांतील एका परीक्षेस बसलेच नाही. आमचे माळवद दोहोंत उत्तीर्ण होऊन तिसरीत पडले. आजचा स्लॅब, नीट बांधला असेल तर, तिसरीत तरतो आणि पहिलीत पडतो. तिन्हींत उतरेल असे घर बांधण्यास लागणारे सर्व ज्ञान आज आपल्यापाशी आहे. ते घरकुलाच्या नकाशात उतरविणे एवढेच काय ते राहिले आहे.