मूत्रपिंडाची बायॉप्सी : चार आठवडे कशाच्या आधारावर?

पायांवर आणि नितंबांवर उठणारे लाल-जांभळे पुरळ, सुजलेले घोटे व गुडघे आणि पोटातल्या कळा. लहान मुलांना होणाऱ्या या आजाराचे जुने नाव हेनॉख-शोनलाइन पर्प्युरा; आता त्याला आयजीए रक्तवाहिनीदाह म्हणतात. आयजीए ही प्रतिपिंडे बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतात आणि तेथे दाह होतो. बहुतेक मुले काही आठवड्यांत आपोआप बरी होतात. मात्र हा दाह मूत्रपिंडातील गाळण्यांपर्यंत, म्हणजे केशिकागुच्छांपर्यंत पोचला, तर लघवीतून रक्त आणि प्रथिने जाऊ लागतात. अशा वेळी बायॉप्सी, म्हणजे सुईने मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, नेमके केव्हा करावे?

युरोपातील तज्ज्ञांच्या ‘शेअर’ या गटाने 2019 साली याचे एक उत्तर दिले. लघवीतील प्रथिने दर मिलिमोल क्रिॲटिनिनमागे 250 मिलिग्रॅमहून जास्त असतील आणि ती चार आठवडे तशीच राहिली, किंवा 100 ते 250 या मध्यम पातळीवर रेंगाळली, किंवा मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता घटली, तर बायॉप्सी करावी. (निरोगी मुलात हा आकडा साधारणपणे 20 च्या खाली असतो.) पूर्वी एकाच लक्षणांच्या मुलाला एका गावी बायॉप्सी सांगितली जाई, तर दुसऱ्या गावी ‘थांबून पाहू’ असे उत्तर मिळे. सर्वांना एकच मोजपट्टी मिळाली, हे या शिफारशींचे श्रेय निर्विवाद आहे.

पण मोजपट्टीवरच्या रेघा आल्या कोठून? शिफारस स्वीकारण्यासाठी निदान 80 टक्के तज्ज्ञांची सहमती हवी, अशी या गटाची पद्धत होती. अनुभवी माणसांच्या सहमतीला मोल आहेच, परंतु सहमती म्हणजे प्रयोग नव्हे. चार आठवडे ही सोयीसाठी ठरवलेली मुदत आहे. तो मूत्रपिंडाचा गुणधर्म नव्हे.

मूत्रपिंडात काय घडते ते पाहू. केशिकागुच्छाची भिंत फाटली की भोवतालच्या पोकळीत पेशींचा थर जमतो. छेदात तो चंद्रकोरीसारखा दिसतो, म्हणून त्याला चंद्रकोरच म्हणतात. सुरुवातीला ती पेशींची असते आणि औषधांना दाद देऊ शकते. काही आठवड्यांत तेथे तंतू तयार होऊन व्रण बनतो, आणि व्रणावर औषध नाही. म्हणून प्रथिने भरपूर जात असतील व गाळण्याची क्षमता घसरत असेल, तर थांबणे महागात पडते. ‘तीव्र गळती कमी काळ असली तरी बायॉप्सीचा विचार करावा’ अशी पुस्ती शिफारशीत आहे खरी. पण लक्षात राहतात ते ‘चार आठवडे’, पुस्ती विसरली जाते. माझ्या मते तिची जागा पहिल्या ओळीत हवी होती.

मग सर्वांचीच बायॉप्सी लगेच करावी का? तेही चूक. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात 1133 मुलांची माहिती एकत्र केली होती. त्यांपैकी सुमारे 34 टक्के मुलांत मूत्रपिंडावर परिणाम दिसला, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या लघवीत केवळ थोडे रक्त वा प्रथिन होते. अशा सौम्य गटात कायमचा बिघाड 1.6 टक्के मुलांत झाला, तीव्र गटात मात्र 19.5 टक्के. शेकडो सौम्य रुग्णांना सुई टोचून रक्तस्रावाचा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही.

शिवाय सुईत येतो तो नमुना असतो. एका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख केशिकागुच्छ. तुकड्यात समजा दहाच आले. मूत्रपिंडातील दर दहांत एकावर चंद्रकोर असेल, तर या दहांत एकही न सापडण्याची शक्यता 0.9 चा दहावा घात, म्हणजे जवळजवळ 35 टक्के! (वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे.) प्रचलित वर्गीकरणात चंद्रकोर नसली तर दुसरी श्रेणी आणि एक जरी दिसली तरी तिसरी. म्हणून एका दिवसाचा तुकडा हा अनेक आठवड्यांच्या लघवी-तपासणीच्या सोबतच वाचायला हवा.

‘लवकर बायॉप्सी झालेली मुले अधिक बरी झाली’ असे विधान वाचनात आले, तर एक प्रश्न विचारावा : कोणाची लवकर झाली? गंभीर मुलांची आधी केली असेल, तर लवकर बायॉप्सीच वाईट ठरेल. उलट सौम्य मुले वाट पाहता पाहता बरी झाली, तर उशिरा बायॉप्सी होणाऱ्यांत न सुधारलेलीच उरतील, आणि उशीर दोषी ठरेल. दोन्हीकडे फरक गटांच्या निवडीतून आलेला असू शकतो.

याला उपाय आहे. सुरुवातीलाच स्टिरॉइड दिल्यास मूत्रपिंड वाचते का, या प्रश्नावर ब्रिटनमध्ये 352 मुलांचे यादृच्छिक गट पाडून चाचणी झाली. 2013 साली निष्कर्ष आला : वर्षानंतर दोन्ही गटांतील प्रथिनांच्या गळतीत फरक नाही. गंभीर मुलांना चिठ्ठ्या टाकून थांबवणे अनैतिक ठरेल. पण 100 ते 250 च्या मधल्या गटात, जेथे तज्ज्ञांनाच खात्री नाही, तेथे अशी चाचणी करता येईल आणि करायला हवी.

तोवर सर्वांत उपयोगी साधन स्वस्त आहे : लघवीची पट्टी. वरच्या आढाव्यात ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास झाला, त्यांपैकी 85 टक्क्यांना तो चार आठवड्यांत आणि 97 टक्क्यांना सहा महिन्यांत दिसून आला. पुरळ मावळते, मूल शाळेत येऊ लागते, आणि घरचे तपासण्या थांबवतात. मूत्रपिंड तर दुखतही नाही. वर्गात असे मूल असेल, तर ‘लघवी तपासता ना? सहा महिने तपासत राहा’ एवढे त्याच्या पालकांना आवर्जून सांगावे. बायॉप्सी केव्हा करायची हे डॉक्टर ठरवतील. पण तपासणीच झाली नाही, तर ती वेळ आली हे त्यांना कळणारच नाही.