अर्ज, दाखला आणि आत्मकथन

दलित आत्मकथनांवर मराठी समीक्षेने घेतलेले दोन आक्षेप आता जुने झाले आहेत. पण ते अजून निकालात निघालेले नाहीत. पहिला आक्षेप एकसुरीपणाचा : भूक, अपमान, शाळा, वसतिगृह, नोकरी हाच क्रम पुन्हा पुन्हा येतो. दुसरा खरेपणाचा : यातले घडलेले किती आणि रंगवलेले किती? ‘बलुतं’ १९७८ साली आले, ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली, ‘उपरा’ १९८० साली. इतकी वर्षे उलटली तरी परिसंवादांतून हे प्रश्न विचारले जातात, आणि विचारणाऱ्याला आपण वाङ्मयीन प्रश्न विचारीत आहोत असेच वाटते. माझ्या मते हे प्रश्न कचेरीच्या खिडकीतून विचारले जाणारे आहेत. हे ध्यानात यायचे तर आत्मकथनाशेजारी एक साधा कागद ठेवून पाहावा लागेल. तो कागद म्हणजे शिष्यवृत्तीचा अर्ज.

आपल्यापैकी अनेकांनी स्वतःविषयी केलेले पहिले लेखन म्हणजे हा अर्ज होय. नाव, बापाचे नाव, जात, बापाचा धंदा, घराचे उत्पन्न. आज तो महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरला जातो, पण रकाने फारसे बदललेले नाहीत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे, आणि ते उत्पन्न दाखल्याने सिद्ध करावे लागते. येथे एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्याला रोज काम मिळतेच असे नाही, त्या मजुराचे वर्षाचे उत्पन्न नक्की कोणालाच ठाऊक नसते. त्याला स्वतःलाही नसते. तलाठी विचारपूस करून अंदाजाने एक आकडा लिहितो, त्यावर तहसीलदाराचा दाखला निघतो, आणि तो अंदाज सत्य ठरतो. घरची चूल किती दिवस पेटली नाही हे मुलाला ठाऊक असते, पण त्याच्या सांगण्याला तिथे किंमत नसते. मुदत संपली की गरिबी पुन्हा नव्याने सिद्ध करायची. सरकारी पैसा वाटायचा तर तपासणी हवी, हे मला मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. हीच तपासणी साहित्याच्या दारात कोणी आणून बसवली?

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’तला (१९८४) एक प्रसंग या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. आई महार, बाप लिंगायत पाटील, आणि आजीच्या घरात आधार देणारा माणूस मुसलमान. शिक्षणातल्या सवलतीच्या अर्जावर सरपंचाची सही हवी असते, आणि सरपंच अडतो. हा मुलगा कोणाचा म्हणून लिहायचा? कोणत्या जातीचा? ओळख नाकारल्या गेलेल्या माणसाचे दुःख म्हणून हा प्रसंग बहुधा वाचला जातो. ते वाचन चूक नाही, अपुरे आहे. या प्रसंगात व्यवस्थेचा कारभारच उघडा पडतो. जातीमुळे ज्याचे सारे हिरावले गेले, त्याला मदत मागतानाही आधी जातीचा आणि बापाचा पुरावा द्यावा लागतो. पाटलाच्या वाड्याने जो अन्याय केला, त्यामुळेच हा मुलगा त्या अन्यायाची भरपाई मागायलाही अपात्र ठरू लागतो.

त्या रकान्यात जे मावले नाही त्याचेच पुढे पुस्तक झाले. गावाने दिलेली शिवी लेखकाने मुखपृष्ठावर घातली. या पुस्तकाला कोणाचा दाखला जोडलेला नाही. आत जे सांगितले आहे त्याला लेखकाचीच सही आहे. आत्मकथन आणि अर्ज यांतला मूलभूत फरक तो हा. दोन्हीकडे सामग्री एकच : भूक, धंदा, बाप, जात. परंतु अर्जातला ‘मी’ मंजुरी देणाऱ्यापुढे उभा असतो. आत्मकथनातला ‘मी’ मंजुरी मागत नाही. खरेपणाचा पुरावा मागणारा समीक्षक नकळत सरपंचाच्या जागी जाऊन बसतो. एकसुरीपणाची तक्रार करणाऱ्यालाही माझा एकच प्रश्न आहे : हजारो घरांत प्रसंग तेच घडले असतील, तर दोष लेखकाच्या कल्पनाशक्तीचा की ते प्रसंग घडवणाऱ्या समाजाचा?

आणखी एक आक्षेप खासगीत घेतला जातो : सवलती मिळाल्या, शिकलात, आता कसली तक्रार? सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले. १९१७ साली नोकरीसाठी बडोद्यात परतले, तेव्हा त्याच शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून पारशी धर्मशाळेत उतरावे लागले, आणि तिथूनही बाहेर काढले गेले. ही हकिगत त्यांनी स्वतः लिहून ठेवली. महाराजांनी केलेली मदत आणि शहराने दिलेला अपमान या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकीच्या बदल्यात दुसरीविषयी गप्प बसण्याचा करार कोणी केलेला नाही.

मागण्याची आपली स्वतःची एक परंपरा आहे, हे येथे सांगायला हवे. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले, त्यात शिष्यवृत्त्यांचा मुद्दा होता. स्पर्धेने शिष्यवृत्त्या वाटणे वरवर न्याय्य दिसते, पण त्यामुळे इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. ज्या वर्गांत ते पोहोचलेलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या ठेवा, असे त्यांचे म्हणणे होते. बाबासाहेबांनी १९४२ साली व्हाइसरॉयला दिलेल्या निवेदनात अलीगढ आणि बनारस विद्यापीठांना सरकार देत असलेल्या अनुदानाकडे बोट दाखवून अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी पैसा मागितला. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून सुरू झाली. या दोन्ही निवेदनांत दारिद्र्य आहे, पण ते दया यावी म्हणून आलेले नाही. ते हिशेब मांडण्यासाठी आले आहे. हेही अर्जच आहेत. फक्त त्यांत मान खाली घातलेली नाही. आपली आत्मकथने या परंपरेतली आहेत, आणि त्यांचे मूल्यमापन करताना पहिला निकष हाच असावा : यातला ‘मी’ कोणापुढे उभा आहे?

हा निकष आपल्यालाही लागू केला पाहिजे. अलीकडची काही आत्मकथने वाचताना मला अर्जाचा वास येतो. दुःखांची यादी, एखाद्या दयाळू गुरुजींचे आभार, नोकरी, बंगला, आणि शेवटी समाजाने आपल्याला स्वीकारल्याचे समाधान. अनुभव खरा असतो, परंतु लिहिणारा वाचकाकडून मंजुरीचा शेरा मागत असतो. अशा पुस्तकांचे प्रस्थापितांकडून कौतुक लवकर होते. त्या कौतुकाने आपण सावध व्हावे.

हा प्रश्न केवळ ग्रंथांचा नाही. मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. मध्यंतरी दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी शिष्यवृत्ती अडकल्याचा अर्ज दाखवायला आली. ‘माझी घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून कृपया मेहेरबानी करावी’ असे तिने लिहिले होते. हेच वाक्य मीही सतराव्या वर्षी लिहिले होते, माझ्या बापाने त्याखाली अंगठा उठवला होता. मी तिला म्हणालो, मेहेरबानी काढून टाक. योजनेचे नाव, अर्जाचा क्रमांक आणि किती महिने झाले ते लिही. ती म्हणाली, “सर, असं लिहिलं तरच वाचतात.”

तिला मी ‘अक्करमाशी’ वाचायला दिले. अर्जातली मेहेरबानी तिने काढली की नाही, हे मी विचारले नाही. अडलेला पैसा तिचा आहे, आणि खिडकीपुढे तिला उभे राहायचे आहे. परंतु ज्या शिक्षकांच्या, प्राचार्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या टेबलावर असे अर्ज येतात, त्यांत आता आपली माणसेही आहेत. मेहेरबानी न मागणारा अर्ज ज्या दिवशी आपण पहिल्यांदा वाचू आणि निकाली काढू, त्या दिवशी ती मुलगी आपले वाक्य बदलील. तोवर दलित साहित्यातल्या नकाराविषयी आपण वर्गात कितीही बोललो, तरी ते तिच्या उपयोगाचे नाही.