सोनाटा आणि सोनाटा-बंध : एका नामसाम्याची चिकित्सा

वाङ्मयप्रकारांच्या इतिहासात एक अडचण वारंवार येते. नाव तेच राहते आणि त्याखालची वस्तू बदलते. पुढे अभ्यासक येतो तो शेवटच्या वस्तूची मोजपट्टी घेऊन मागे मागे जातो आणि प्रत्येक पूर्वजाला तिच्याशेजारी उभा करून त्याची उंची कमी भरल्याचे नोंदवितो. मराठीत ‘नाटक’ आणि ‘कादंबरी’ या शब्दांच्या बाबतीत असे झालेले आपण पाहतोच. पाश्चात्त्य संगीतातील ‘सोनाटा’ या शब्दाच्या बाबतीत ते इतक्या पूर्णपणे झाले आहे की, त्याची चिकित्सा साहित्याच्या अध्यापकांनाही उपयोगी पडावी. म्हणूनच या पृष्ठांत संगीताचा विषय घेण्याचे धाडस आम्ही करीत आहोत. गोव्यातील वाचकांस तो फारसा परका वाटू नये. तेथील चर्चला जोडलेल्या शाळांतून स्वरलेखन व व्हायोलिन यांचे शिक्षण पिढ्यान् पिढ्या दिले गेले आहे. इतरांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

इटालियन भाषेत ‘सोनारे’ म्हणजे वाजणे, वाजविणे. गायचे ते ‘कान्ताता’, वाजवायचे ते ‘सोनाता’. आरंभी या शब्दात याहून अधिक अर्थ नव्हता. मूळ लॅटिन ‘सोनुस्’ आणि संस्कृत ‘स्वन’ हे एकाच धातुकुळातले. इंग्रजीतून आपल्याकडे आलेले ‘सॉनेट’ हेही त्याच लॅटिन शब्दाचे दूरचे अपत्य. केशवसुतांनी मराठीत आणलेल्या चौदा ओळींच्या या रचनेला पुढे ‘सुनीत’ हे नाव मिळाले आणि ध्वनीचा संबंध सुटला. पण सॉनेटला निदान चौदा ओळींचे कुंपण तरी आहे. सोनाट्याला पहिली शंभर-दीडशे वर्षे कोणतेच कुंपण नव्हते.

१५९७ मध्ये व्हेनिसच्या जोव्हान्नी गाब्रिएली याने छापलेल्या संग्रहात ‘सोनाटा पियान ए फोर्ते’ नावाची एक रचना आहे. वादकांचे चारचारांचे दोन ताफे, कधी आळीपाळीने मंद वाजणारे, कधी एकत्र येऊन घुमणारे. आणि हा मंद-उच्च भेद रचनाकाराने कागदावर लिहून ठेवलेला. ऐकताना मन भारून जाते. परंतु पुढच्या शतकांत ज्याला ‘सोनाटा-बंध’ म्हटले गेले त्याचे एकही लक्षण तीत नाही, आणि नसल्याने तिचे काही बिघडलेही नाही.

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात या मोकळ्या नावाखाली दोन सवयी स्थिरावल्या. एक चर्चचा सोनाटा, दुसरा दिवाणखान्याचा. पहिल्यात संथ, द्रुत, संथ, द्रुत असे बहुधा चार खंड येत. द्रुत खंडात एका आवाजाने मांडलेला विषय दुसऱ्याने उचलायचा, अशी अनुकरणाची रीत असे. दुसऱ्यात आलमांद, कुरांत, साराबांद, जिग अशा नृत्यांची माळ असे. या दोहोंना शिस्त लावणारा पुरुष म्हणजे आर्कान्जेलो कोरेल्ली (१६५३–१७१३). रोममध्ये १६८१ ते १६९४ या काळात त्याने बारा-बारांचे चार संग्रह प्रसिद्ध केले. पहिला व तिसरा चर्चचा, दुसरा व चौथा दिवाणखान्याचा. त्यांना ‘त्रिस्वरी’ सोनाटे म्हणतात, पण वाजवायला बहुधा चौघे बसतात: दोन व्हायोलिने, एक खर्जाचे तंतुवाद्य आणि एक ऑर्गन किंवा हार्प्सिकॉर्ड. या चौथ्याच्या कागदावर खर्जाची ओळ व तिच्याजवळ काही आकडे, एवढेच असते. आकड्यांवरून वरचे स्वर त्याने जागच्या जागी भरायचे.

कोरेल्लीविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते, की तो फार साधा आहे. १७०० सालच्या पाचव्या संग्रहातील, एका व्हायोलिनसाठी लिहिलेल्या सोनाट्यांचे संथ खंड कागदावर पाहिले तर ही तक्रार खरी वाटते: लांबलांब, उघडेबोडके स्वर, जणू कोणी अर्धवट टाकून गेलेले लेखन. परंतु १७१० मध्ये आमस्टरडॅमच्या एस्तिएन रोजे या प्रकाशकाने हेच खंड अलंकारांसह छापले आणि ते अलंकार खुद्द कोरेल्लीच्या वादनातले असल्याचे जाहीर केले. ते त्याचेच की नाहीत याविषयी विद्वानांत वाद आहे. वादाचा निकाल काहीही लागो. त्या उघड्या स्वरांमधल्या जागा वादकाने भरायच्या असत, ही गोष्ट त्यावरून निर्विवाद होते. ख्यालाची बंदिश छापील स्वरलिपीत वाचून जो ख्यालाची किंमत ठरवील त्याच्याइतकाच कोरेल्लीला साधा म्हणणारा टीकाकार विश्वासार्ह आहे. आम्हांस तर या संयमातच कोरेल्लीचे मोठेपण दिसते. दोन व्हायोलिने एकमेकांवर चढतात, क्षणभर एकमेकांना बोचतात, आणि ती बोच एक पायरी खाली उतरून मिटते. एवढ्याशा भांडवलावर त्याने अठ्ठेचाळीस त्रिस्वरी सोनाटे उभे केले आणि सबंध युरोपाने ते गिरविले.

योहान सेबास्टियन बाखने या परंपरेत जे केले ते एका वाक्यात सांगता येते: तीन आवाजांसाठी माणसे कमी केली. व्हायोलिन व हार्प्सिकॉर्ड यांच्या सहा सोनाट्यांत दुसऱ्या व्हायोलिनचे काम हार्प्सिकॉर्डवाल्याच्या उजव्या हाताकडे आले. ऑर्गनच्या सहा सोनाट्यांत तर दोन हात व दोन पाय यांनी एकच माणूस तिन्ही आवाज सांभाळतो. आकडे वाचून स्वर भरण्याची जुनी मोकळीक येथे बरीचशी संपली आणि प्रत्येक स्वर लिहिला गेला. काही मिळाले, काही गेले.

आता आमच्या मुख्य साक्षीदाराकडे वळतो. दोमेनिको स्कार्लात्ती हा बाख आणि हँडेल यांच्याच वर्षी, १६८५ मध्ये, नेपल्स येथे जन्मला. तो लिस्बनला पोर्तुगालच्या दरबारी गेला, तेथील राजकन्या मारिया बार्बारा हिचा शिक्षक झाला, आणि तिचा विवाह स्पेनच्या युवराजाशी झाल्यावर तिच्यामागोमाग स्पेनमध्ये जाऊन १७५७ साली माद्रिदलाच निवर्तला. १७३८ मध्ये लंडनहून त्याचे तीस सोनाट्यांचे पुस्तक निघाले. नाव नुसते ‘एस्सेर्चिझी’, म्हणजे रियाजाचे पाठ. ते पोर्तुगालचा राजा पाचवा जुआंव यास अर्पण केलेले आहे. हाच राजा तेव्हा गोव्याचा व वसईचाही धनी होता. पुस्तक निघाल्यावर दुसऱ्याच वर्षी चिमाजी अप्पांनी त्याची वसई घेतली. प्रस्तावनेत स्कार्लात्ती वाचकाला बजावतो की, येथे खोल पांडित्य शोधू नये, कलेशी केलेला चतुर खेळ पाहावा. टीकाकारांनी हे विनयाचे बोल शब्दशः खरे मानले, हे त्याचे दुर्दैव.

राल्फ कर्कपॅट्रिक यांनी १९५३ मध्ये केलेल्या यादीप्रमाणे त्याचे ५५५ सोनाटे आहेत. फार थोडे अपवाद वगळता प्रत्येक सोनाटा एकाच खंडाचा, आणि त्या खंडाचे दोन अर्ध. प्रत्येक अर्ध दोनदा वाजवायचा. आपल्या वाचकांस येथे स्थायी-अंतरा आठवेल, आणि आठवावाच; पण एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. अंतरा तारषड्जापर्यंत चढला तरी तंबोऱ्याचा षड्ज ढळत नाही. स्कार्लात्तीच्या पहिल्या अर्धात षड्जच घर सोडून निघतो आणि बहुधा पंचमावर जाऊन बसतो; अर्ध संपतो तेव्हा कानाला पंचम हाच षड्ज वाटू लागलेला असतो. दुसरा अर्ध तेथून निघून, आडवाटांनी भटकून, मूळ घरी येतो. हा दोन अर्धांचा बांधा नृत्यखंडांतून आलेला आहे, चर्चच्या सोनाट्यातून नव्हे. आणि ज्याला आपण सोनाटा-बंध म्हणतो तो मुख्यतः याच दोन अर्धांच्या बांध्यातून वाढला; ऑपेरातील गीत आणि कॉन्चेर्तो यांचाही त्याला हातभार लागला. म्हणजे नाव एका घराण्याचे, रक्त बव्हंशी दुसऱ्याचे! इतिहासाची सरळ रेषा काढणाऱ्यांची पहिली पंचाईत येथेच होते.

पाठ्यपुस्तके स्कार्लात्तीला एकच प्रश्न विचारतात: दुसऱ्या अर्धात, घरी परतल्यावर, आरंभीची सुरावट पुन्हा येते काय? बहुतेक वेळा येत नाही. तेवढ्यावरून ‘अपरिपक्व सोनाटा-बंध’ असा शेरा पडतो. पण त्याच्या रचनेचा कणा आरंभात नाहीच. पहिल्या अर्धाचा शेवट पंचमावर ज्या शब्दांत होतो, जवळजवळ त्याच शब्दांत दुसऱ्या अर्धाचा शेवट मूळ षड्जावर होतो. हे अंत्ययमक आहे. आरंभाला तो मोकळा सोडतो, कारण शेवट बांधलेला आहे. त्याच्याकडे आरंभीच्या सुरावटीचे पुनरागमन मागणे म्हणजे ओवीकडे गणांचा हिशेब मागणे होय.

असा शेरा केवळ पुस्तकात राहिला असता तर आम्ही एवढे लिहिले नसते. तो स्वरांपर्यंत पोहोचला. १९०६ पासून आलेस्सांद्रो लोंगो यांनी स्कार्लात्तीच्या सोनाट्यांची मोठी आवृत्ती काढली. तिचे उपकार मोठे आहेत. तिच्यावाचून कित्येक सोनाटे पियानोवर आलेच नसते. परंतु संपादकाच्या कानाला जे स्वरसंघात खटकले ते त्यांनी ठिकठिकाणी सौम्य केले. कर्कपॅट्रिक यांच्या यादीतील १७५ क्रमांकाच्या सोनाट्यात डावा हात शेजारशेजारचे स्वर मूठभर एकदम दाबतो, जणू गिटारच्या सगळ्या तारांवर पंजा मारावा. अशा जागा नंतरच्या व्याकरणात बसत नाहीत. शिवाय जुन्या हस्तलिखितांत एकाच षड्जाचे दोन-दोन, कधी तीन-तीन सोनाटे शेजारी ठेवलेले आढळतात. लोंगो यांनी त्यांची फाटाफूट करून आपल्या मताने नवे संच बांधले. स्कार्लात्तीच्या स्वतःच्या हातची प्रत उपलब्ध नसल्याने या हस्तलिखितांखेरीज आधार नाही, म्हणून तर ही गोष्ट अधिक गंभीर. जुन्या मराठी काव्याच्या पोथ्यांशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना असे ‘शुद्धीकरण’ नवे नाही. पूर्वजाला अपरिपक्व ठरविले की त्याच्या लेखणीतून सुटलेल्या ‘चुका’ दुरुस्त करण्याचा अधिकार आपोआप आपल्याकडे येतो.

पुढची हकीकत पुष्कळांनी सांगितली आहे, तेव्हा ती थोडक्यात आटोपतो. सेबास्टियनचा मुलगा कार्ल फिलिप एमानुएल बाख याने १७४२ व १७४४ सालच्या संग्रहांत क्षणाक्षणाला भाव बदलणारी, अडखळणारी, उसासे टाकणारी भाषा सोनाट्यात आणली. धाकटा योहान क्रिश्चियन १७६२ मध्ये लंडनला गेला. त्याच्या सोनाट्यांतील गोड, निराळी ओळखू येणारी दुसरी सुरावट बाल मोझार्टने तेथेच ऐकली आणि पुढे त्यातल्या तिघांचे कॉन्चेर्तो केले. हळूहळू दुसऱ्या अर्धात घरी परतणे आणि आरंभीच्या सुरावटीने परतणे हे दोन क्षण एकत्र आले. हा क्षण श्रेष्ठ आहे यात शंका नाही. हायडनच्या हाती त्याचे जे नाट्य होते त्याला तोड नाही. पण हायडनलाही दोन भिन्न सुरावटींची गरज वाटतेच असे नाही. १७९५ च्या, १०४ क्रमांकाच्या सिंफनीच्या पहिल्या खंडात तो पंचमावर गेल्यावर पहिलीच सुरावट पुन्हा आणतो. घर बदलले, माणूस तोच!

मग ‘मांडणी, विस्तार, पुनरागमन, मांडणीत एक पौरुषयुक्त आणि एक स्त्रीसुलभ सुरावट’ हा नियम आला कोठून? कॉखने १७९३ मध्ये या बांध्याचे वर्णन केले ते मुख्यतः स्वरगृहांच्या प्रवासाचे. सुरावटींवर भर देणारी वर्णने राइखा (१८२६), मार्क्स (१८४५) आणि चेर्नी (१८४८ च्या सुमारास) यांची. स्त्री-पुरुषांची उपमा त्यांतल्या आडोल्फ बेर्नहार्ड मार्क्स यांची. बेथोव्हेनचा शेवटचा पियानो-सोनाटा १८२२ चा आणि त्याचा मृत्यू १८२७ चा. म्हणजे ज्यांच्या कृतींवरून नियम काढला ते तो पाठ करून लिहीत नव्हते. अलीकडच्या अभ्यासकांनी हे ओळखले आहे. विल्यम न्यूमन यांनी १९५९ च्या बरोक सोनाट्यावरील ग्रंथात, रचनाकारांनी ज्याला सोनाटा म्हटले तो सोनाटा, एवढीच कसोटी धरली. आणि चार्ल्स रोझेन यांनी १९८० च्या आपल्या ग्रंथाच्या नावातच ‘बंध’ हा शब्द अनेकवचनी घातला.

अध्यापकांस एक सोयीचे उदाहरण सुचवितो. पियानो शिकणाऱ्या बहुतेक मुलांच्या हाती मोझार्टचा १७८८ सालचा, कोशेल यादीतील ५४५ क्रमांकाचा सोनाटा येतो. मोझार्टने स्वतःच्या वहीत तो नवशिक्यांसाठी म्हणून नोंदविला आहे. नियम असा की, पुनरागमनात आरंभीची सुरावट मूळ षड्जावर यावी. येथे ती मध्यमावर येते. कोणी याला आळस म्हणतात: पहिल्या अर्धात षड्जावरून पंचमावर जाण्याची जी वाट लिहिली होती तीच थोड्या फरकाने पुन्हा वापरता यावी, मध्यमावरून निघाले की आपोआप षड्जावर पोहोचता यावे. आम्हांस तो आळस वाटत नाही. सुरावट घरी परतली नाही तरी चालेल, पण पहिल्या अर्धाचा शेवट जसा पंचमावर झाला तसाच दुसऱ्याचा षड्जावर झाला पाहिजे, हा हिशेब स्कार्लात्तीचा आहे. विद्यार्थ्याकडून आधी दोन्ही अर्धांचे केवळ शेवट वाजवून घ्यावेत, आणि मग आरंभ.